डेअरीच्या आधी घरच्या आजाऱ्याचा पेला



या सदरात आपण एरवी बी-बियाणे, खतपाणी, कीड-रोग आणि जनावरांचा खुराक यांविषयी बोलतो. आज माणसाच्या खुराकाविषयी बोलायचे आहे. लिव्हरच्या, म्हणजे यकृताच्या कॅन्सरचे ऑपरेशन होऊन जो माणूस घरी परतला आहे, त्याच्या खुराकाविषयी आणि त्याच्या चालण्या-फिरण्याविषयी.

तुम्ही म्हणाल, हा शेतीखात्याचा माणूस डॉक्टरकी कधीपासून करू लागला? मी डॉक्टर नाही. औषध कोणते, गोळी किती, पुन्हा तपासणी कधी, हे ज्याने ऑपरेशन केले त्यालाच विचारा. पण दवाखान्यातून सुट्टी मिळाल्यावर पुढचे दिवस जातात ते चुलीपाशी, गोठ्यात आणि बांधावर. तिथे डॉक्टर नसतो, आपण असतो. आणि त्या दिवसांत आजाऱ्याच्या अंगावरचे मांस टिकते की झडते, हाडे भक्कम राहतात की ठिसूळ होतात, यावर त्याचे पुढचे आयुष्य बरेचसे अवलंबून असते. हे एवढे नीट कळावे म्हणून आजचे हे लिहिणे.

खोडव्याची गोष्ट

दौंडच्या ऊसकऱ्यांना यकृताचे काम समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. ऊस तोडला की जमिनीत बुडखे राहतात आणि त्यातून खोडवा फुटतो. यकृतही तसेच आहे. निरोगी यकृताचा अर्ध्याहून जास्त भाग कापून काढला, तरी उरलेला भाग पुढच्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत वाढून कामाला लागतो. आपल्या शरीरातला दुसरा कुठला मोठा अवयव असा वाढत नाही.

पण खोडव्याचे आपण काय करतो? लागणीच्या उसाला खत, पाणी, खुरपणी सगळे वेळेवर. खोडव्याला मात्र, 'येतोय आपोआप, येऊ द्या.' पाचट पेटवून देतो, बुडखे छाटत नाही, खत विसरतो, आणि मग उतारा घटला म्हणून कारखान्याला बोल लावतो. ऑपरेशनच्या माणसाचेही पुष्कळ घरांत असेच होते. ऑपरेशनसाठी धावाधाव होते, दागिना गहाण पडतो, भाऊबंद मदतीला येतात. माणूस घरी आला की सगळे म्हणतात, 'सुटलो एकदाचे.' खरे म्हणजे खोडव्याचा हंगाम तिथून सुरू झालेला असतो.

त्यात एक अडचण आहे. यकृताचा कॅन्सर बहुतेक वेळा आधीच खराब झालेल्या यकृतात होतो. जुनी ब किंवा क प्रकारची कावीळ, दारू, मधुमेह आणि लठ्ठपणामुळे यकृतात साठलेली चरबी, यांनी यकृत वर्षानुवर्षे घट्ट आणि गाठाळ होत गेलेले असते. त्याला डॉक्टर सिरोसिस म्हणतात. अशी जमीन चोपण. तिच्यात खोडवा फुटतो, पण सावकाश फुटतो आणि त्याला जास्त खत लागते.

जपानच्या डॉक्टरांनी काय पाहिले

जपानात या कॅन्सरची फार ऑपरेशने होतात, म्हणून तिकडच्या डॉक्टरांनी या गोष्टीचा बारकाईने हिशोब ठेवला. फुकुओका शहरातील क्युशू विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१३ साली आपल्या १८६ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. या सगळ्यांच्या यकृताच्या कॅन्सरचे ऑपरेशन झालेले होते. ऑपरेशनपूर्वी सी. टी. स्कॅन होतोच. त्याच चित्रात त्यांनी कमरेच्या तिसऱ्या मणक्यापाशी स्नायू किती आहेत ते मोजले. १८६ पैकी ७५ जणांचे स्नायू प्रमाणापेक्षा कमी भरले. पाच वर्षांनी पाहता, ज्यांचे स्नायू चांगले होते त्यांच्यापैकी शेकडा ८४ च्या आसपास जिवंत होते. ज्यांचे स्नायू कमी होते त्यांच्यात हा आकडा शेकडा ७१ होता. पाच वर्षांत कॅन्सर पुन्हा न उलटता राहिलेले पहिल्या गटात शेकडा ३३, दुसऱ्या गटात फक्त १३.

पुढे टोकियोच्या जिकेई विद्यापीठातील डॉक्टरांनी स्नायूंच्या जोडीला हाडेही पाहिली. छातीच्या अकराव्या मणक्याचा भरीवपणा त्यांनी सी. टी. स्कॅनवरूनच मोजला. स्नायूही झडलेले आणि हाडेही विरळ, असे दोन्ही ज्यांच्यात सापडले त्यांची पुढची वाट सगळ्यांत बिकट निघाली. स्नायू झडण्याला डॉक्टर सार्कोपेनिया म्हणतात, हाडे विरळ होण्याला ऑस्टिओपेनिया. नावे लक्षात राहिली नाहीत तरी चालेल. गोष्ट लक्षात ठेवा.

आता यातून असा अर्थ काढू नका की चार अंडी जास्त खाल्ली म्हणजे कॅन्सर पळाला. मांस झडलेल्या माणसाचा आजारही पुष्कळदा जास्त वाढलेला असतो, हेही खरे आहे. पण अंगात ताकद असलेला माणूस ऑपरेशनचा घाव सोसतो, त्याला न्यूमोनियासारखे जंतूंचे आजार कमी होतात, आणि कॅन्सर उलटला तर दुसरा उपचार घ्यायला तो पायांवर उभा असतो. या कॅन्सरमध्ये ऑपरेशन झालेल्या निम्म्याहून अधिक लोकांत पाच वर्षांच्या आत आजार पुन्हा डोके वर काढतो. तेव्हा दुसरी लढाई येणारच असे धरून दाणागोटा भरून ठेवलेला बरा.

यकृत आजारी तर मांस का झडते?

यकृत हे आपल्या शरीराचे कणगे आहे. दिवसा खाल्लेल्या अन्नातली साखर ते साठवते आणि रात्री थोडी थोडी सोडते. कणगे फुटके असले की रात्रीपुरता साठाही उरत नाही. मग शरीर काय करते? घरातले दाणे संपल्यावर अडलेला शेतकरी जसा बियाण्याला हात घालतो, तसे शरीर स्वतःच्या स्नायूंना हात घालते आणि त्यांचे मांस मोडून साखर करते. अमेरिकेतील डॉक्टरांनी १९८३ साली दाखवून दिले की, सिरोसिसचा माणूस एक रात्र उपाशी राहिला तर त्याच्या शरीराची अवस्था दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या धडधाकट माणसासारखी होते.

आता आपल्या घरचे वेळापत्रक पाहा. संध्याकाळी सातला जेवण. सकाळी सहाला नुसता चहा. भाकरी पडते दहा-अकराला. म्हणजे मध्ये पंधरा तासांची उपासमार, आणि ती रोजची. धडधाकट माणसाला ती कळतही नाही. यकृताच्या आजाऱ्याचे मात्र दररोज थोडे थोडे मांस त्यात जाते.

स्नायूंचे आणखी एक काम फार कमी लोकांना माहीत असते. प्रथिने पचताना अमोनिया नावाचे विषारी द्रव्य तयार होते. युरियाच्या गोणीला नाकाला झोंबतो तो वास त्याचाच. निरोगी यकृत ते निकामी करते. यकृत थकले की हे काम स्नायू अंगावर घेतात. म्हणून स्नायू झडले की अमोनिया रक्तात साठतो, मेंदूला चढतो आणि माणूस बरळू लागतो. दंडा-मांड्यांचे मांस म्हणजे यकृताचा जोडीदार बैल. एक थकला तर दुसरा ओढतो; दोन्ही बसले तर गाडी चिखलातच.

हाडांचे गणितही यकृताशी जोडलेले आहे. उन्हातून मिळणारे ड जीवनसत्त्व कामाला येण्याआधी त्यावर पहिला संस्कार यकृतात होतो. अन्नातले ड जीवनसत्त्व पचायला पित्त लागते, आणि पित्तही यकृतातूनच येते. त्यात दारूची सवय असेल, माणूस महिनोन् महिने खाटेवर असेल, तर हाडांतला चुना निघून जातो.

आपली मुद्दलच कमी

जपानी आकडे आपल्याला कशाला, असे कोणी विचारील. म्हणून आपल्याच भागातली गोष्ट सांगतो. शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला पुण्याच्या के. ई. एम. हॉस्पिटलचे ग्रामीण केंद्र आहे, ते पुष्कळांना ठाऊक आहे. त्याच के. ई. एम.च्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर माता आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास केला. आपल्या बाळांचे जन्माचे वजन सरासरी २.७ किलो भरले, इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे सगळीकडून बारीक होती, पण चरबीत तितकी कमी नव्हती. कमी होते ते मांस. हातपाय काटक आणि पोट सुटलेले, हा जो आपला बांधा दिसतो, त्याची सुरुवात अशी पाळण्यातूनच होते.

ज्याची मुद्दल मुळातच थोडी, त्याने ती मोडताना दहा वेळा विचार केला पाहिजे. आपल्या माणसाच्या अंगावरचे दोन किलो मांस गेले तर ते फार मोठे नुकसान आहे.

'जड काही देत नाही'

मागे दौंड तालुक्यातल्या एका वस्तीवर ठिबकच्या पाहणीला गेलो होतो. ओट्यावर खाट, खाटेवर पन्नाशीचा माणूस. पाच आठवड्यांपूर्वी ऑपरेशन झालेले. गाल बसलेले, मांडीचा दंडाइतका दोरा झालेला. मी सहज विचारले, "वहिनी, ह्यांना जेवायला काय देता?"

"भाताची पेज देते साहेब, कधी साबुदाणा. जड काही देत नाही. डाळ नाही, दूध नाही, अंडं तर नाहीच. लिव्हरला त्रास नको."

"आणि उठतात-फिरतात?"

"उठूच देत नाही. तांब्यासुद्धा हातात देते."

आणि गोठ्यात चार संकरित गाई होत्या. सकाळ-संध्याकाळ सगळे दूध डेअरीला जात होते. आजाऱ्याच्या चहापुरते काय ते उरत होते. त्या माउलीच्या मायेत काडीचीही कसूर नव्हती. रात्र-रात्र जागून तिने सेवा केली होती. पण गाभण गाईला पेंड बंद करून नुसता उसाचा वाढा घालावा, तशी ही सेवा झाली. मी तिला म्हटले, "वहिनी, पुढच्या तपासणीला डॉक्टरांना एवढेच विचारा, की डाळ, दूध, अंडे बंद करायला तुम्ही सांगितले होते का?" तिने विचारले. त्यांनी तसे सांगितलेले नव्हते. ते पथ्य भावकीतून आले होते.

पूर्वी डॉक्टरसुद्धा यकृताच्या रुग्णाची डाळ-दूध तोडत असत, ही गोष्ट खरी. तो काळ गेला. भारतातील यकृततज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२१ साली आहाराविषयी एकमताने सांगितले, की सिरोसिसच्या रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने मिळावीत, खाणे चार-सहा वेळांत वाटून द्यावे आणि झोपण्यापूर्वी काहीतरी खायला द्यावे.

घरच्या घरी हिशोब

साठ किलोच्या माणसाला दिवसाला ७२ ते ९० ग्रॅम प्रथिने लागतात. ती कुठून आणायची? पावडरच्या महागड्या डब्याशिवायही जमते. हा घ्या हिशोब:

ज्वारी किंवा बाजरीच्या तीन भाकरी, १८ ग्रॅम. डाळ, मटकी, हुलगे मिळून दिवसभरात कोरडे १०० ग्रॅम, त्यांचे २२. अर्धा लिटर दूध किंवा त्याचे दही, १६. दोन अंडी, १२. मूठभर शेंगदाणे, म्हणजे तीस ग्रॅम, त्यांचे ७. बेरीज झाली ७५ ग्रॅम. माळकरी घरात अंड्यांऐवजी पाव वाटी सोयाबीनच्या वड्या किंवा घरचे पनीर चालेल. मांसाहारी घरात आठवड्यातून दोन-तीनदा मासळी किंवा कोंबडी करा, पण तेल-तिखट बेताचे ठेवा.

एका वेळी ताट भरून दिले तर आजारी माणूस दोन घासांत हात आखडतो. म्हणून थोडे थोडे सहा वेळा द्या. उठल्यावर तासाभरात दूध-भाकरी किंवा नाचणीची आंबील. दहाला न्याहारी, दुपारी जेवण, चारला शेंगदाण्याचा लाडू किंवा उकडलेले अंडे, सातला जेवण. आणि झोपताना सहावे खाणे.

हे झोपतानाचे खाणे सगळ्यांत महत्त्वाचे. न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या डॉक्टरांनी २००८ साली सिरोसिसच्या १०३ रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. सगळ्यांना जादा खुराक एकसारखाच दिला. निम्म्यांना दिवसा, निम्म्यांना रात्री झोपताना. वर्षभरात रात्री खाणाऱ्यांच्या अंगावर सुमारे दोन किलो मांस चढले. दिवसा खाणाऱ्यांच्या अंगावर चढले नाही. खुराक तोच, वेळ बदलली. पिकाला पाणी किती याच्याइतकेच पाणी केव्हा याला महत्त्व असते, हे तुम्हाला मी काय सांगावे!

तेव्हा रात्री साडेनऊ-दहाला एक भाकरी दुधात कुस्करून द्या. मधुमेह असेल तर गूळ-साखर घालू नका आणि गोळी-इंजेक्शनाची वेळ डॉक्टरांकडून नीट बसवून घ्या. मोटारीची लाइट रात्रीची असेल आणि दारे धरायला कोणी उठणार असेल, तर त्याने जाता जाता आजाऱ्याला एक पेला दूध द्यावे.

उपवासाचेही बोलले पाहिजे. रांजणगावच्या महागणपतीवर श्रद्धा असलेल्या आपल्या घरांत संकष्टी असते, एकादशी असते, श्रावणी सोमवार असतो, नवरात्र असते. आजाऱ्याला उपवासातून मोकळीक आपल्या रीतीतच आहे. त्याच्या वाट्याची एकादशी घरातल्या दुसऱ्या कोणी धरावी. त्याला मात्र जेवू घालावे.

हाडांसाठी

चुना म्हणजे कॅल्शियम दुधात आहेच. १०० ग्रॅम नाचणीत ३४० मिलिग्रॅमच्या वर असते. तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला यांतही भरपूर आहे. सकाळी उशिराच्या कोवळ्या उन्हात रोज थोडा वेळ उघड्या हातापायांनी बसावे. ड जीवनसत्त्व कमी आहे का, हे रक्त तपासून डॉक्टर सांगतील. इंजेक्शन-गोळ्या मनाने घेऊ नका.

हाड विरळ असेल तर एवढ्याशा पडण्याने खुबा मोडतो, आणि खुबा मोडला की माणूस पुन्हा खाटेला लागतो. रात्री लघवीला जायच्या वाटेवर दिवा असावा. वाटेत दावी, बादल्या, पाइप पडलेले नसावेत. शेणाने निसरड्या झालेल्या गोठ्यात आजाऱ्याने जाऊ नये. न्हाणीत धरायला एक खुंटी ठोकून घ्या. काम अर्ध्या तासाचे आहे.

चालणे

तुकोबांची पालखी दरवर्षी यवत, वरवंड करत आपल्या तालुक्यातून जाते. वारकरी एका दिवसात पंढरपूर गाठत नाही. रोज थोडे थोडे चालतो. ऑपरेशनच्या माणसानेही तसेच करावे. दवाखान्यातच एक-दोन दिवसांत त्याला उठवून बसवतात, चालवतात. घरी आल्यावर ते सोडू नका. पहिल्या आठवड्यात अंगणात पाच-पाच मिनिटे दिवसातून चार वेळा, मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग बांधावरून. जोडीला खुर्चीवरून किंवा ओट्यावरून हात न टेकता उठणे-बसणे, जमेल तितक्या वेळा. पोटाचा टाका भरेपर्यंत, म्हणजे साधारण दोन महिने, पाण्याची कळशी, खताची गोणी, चाऱ्याचा भारा उचलू नये. डॉक्टर परवानगी देतील तेव्हा हळूहळू सुरुवात करावी.

ऑपरेशनची तारीख दोन-तीन आठवडे पुढची मिळाली असेल तर तेही दिवस वाया घालवू नका. पेरणीआधी जमीन तयार करतो तसा हा वेळ आहे. त्याच दिवसांत हा खुराक आणि हे चालणे सुरू करावे. दारू आणि तंबाखू तर त्याच दिवशी सोडावी, ती कायमची.

वजनकाट्यावर विसंबू नका

गाईचे पोट फुगले म्हणून ती पुष्ट झाली असे आपण म्हणत नाही. यकृताच्या आजारात पोटात आणि पायांत पाणी साठते. काटा तेवढाच राहतो आणि आत मांस झडत जाते. म्हणून तीन साधी मापे ठेवा. आशियाई तज्ज्ञांनी २०१९ साली ठरवलेली ही मापे आहेत.

पोटरीचा घेर शिंप्याच्या टेपने मोजा. पुरुषाचा ३४ आणि बाईचा ३३ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर सावध व्हा. पायावर सूज असेल तर हे माप फसवे. हात छातीशी बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठा-बसायला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर मांड्यांची ताकद कमी झाली असे समजा. सहा मीटर सपाट जागेवर चालायला सहा सेकंदांपेक्षा जास्त लागले तरी तेच. हाताची पकड तर आपल्याला रोजच्या कामात कळते: धार काढणे, धोतर पिळणे जमेनासे झाले का? ही मापे महिन्याला वहीत लिहा आणि तपासणीला जाताना वही डॉक्टरांना दाखवा.

काही सावधगिरी

पोटात किंवा पायांत पाणी असेल तर दिवसाचे मीठ चहाचा एक सपाट चमचा, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत ठेवा. लोणचे, पापड, खारा मासा बंद. दोन-चार दिवसांत वजन दोन किलोने वाढले तर ते पाणीच असते, डॉक्टरांना कळवा. माणूस दिवसा झोपतो आणि रात्री जागतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच होते, यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. बरळणे सुरू झाले म्हणून घरच्या घरी डाळ-दूध कायमचे तोडू नका; ते डॉक्टरांना ठरवू द्या. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून मनाने घेऊ नका. काविळीची झाडपाल्याची औषधेही नकोत. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीच्या काढ्यानंतर यकृत बिघडलेले रुग्ण नोंदवले आहेत.

शेंगदाणे खा म्हणून सांगितले, तर एक शेतीची गोष्टही सांगितली पाहिजे. बुरशी आलेल्या शेंगदाण्यात आणि मक्यात अफ्लाटॉक्सिन नावाचे विष असते, आणि ते यकृताच्या कॅन्सरला कारण होते. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल भागात बुरशीचा मका खाऊन १०६ माणसे दगावली. भाजून, उकडून हे विष नीट जात नाही. शेंगा खडखडीत वाळवून भरा. काळपट, कडवट, सुरकुतलेले दाणे वेचून फेकून द्या. गाईलाही घालू नका, कारण ते दुधात उतरते.

घरची लक्ष्मी आजारी असेल तर

वर मी पुरुषाचे उदाहरण दिले. पण ऑपरेशन घरातल्या बाईचे झाले असेल तर? तिला खाऊ कोण घालणार? आपल्याकडे बाई शेवटी जेवते आणि उरलेले जेवते. दवाखान्यातून आल्यावर आठ दिवसांत ती चुलीपुढे बसते, कारण दुसरे कोणी नसते. पाळी गेल्यावर बाईची हाडे तशीही विरळ होत असतात. तेव्हा मुलांनो, सुनांनो आणि मुख्यतः मालक, तिचे ताट आधी वाढा. तिचे सहावे खाणे तुम्ही तिच्या हातात द्या. ती मागणार नाही.

घरातल्या बाकीच्यांनी एकदा ब आणि क काविळीची रक्ततपासणी करून घ्यावी. २८ जुलै २०१८ पासून सरकारचा काविळीच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे. त्यात तपासणी आणि औषध मोफत आहे. ब काविळीला लस आहे, आणि बाळाला पहिला डोस जन्मल्यापासून २४ तासांत द्यायचा असतो. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडे करा. पुण्याचे ससून आणि मुंबईत परळचे टाटा मेमोरियल, १९४१ पासूनचे, ही दोन्ही ठिकाणे आपल्याला एस. टी.-रेल्वेने गाठता येतात.

शेवटी एकच मागणे. उद्या सकाळी धार काढली की कॅन डेअरीला पाठवण्याआधी अर्धा लिटर दूध घरात काढून ठेवा. महिन्याच्या हिशोबात ते पंधरा लिटर भरेल, आणि ते पैसे पगारपत्रकात कमी दिसतील. दिसू द्या. आपल्या माणसाच्या मांड्यांत त्यातून जे मांस भरेल, त्याचा दर कोणत्याही डेअरीच्या दरपत्रकात सापडायचा नाही.

तुमच्या घरी किंवा शेजारी असे कोणी असेल तर हे पान त्यांना वाचून दाखवा.